गोगलगाय आणि मागची खोली

शनिवार, १

ही वही मी मोठ्या रेडिओच्या पोटात ठेवणार आहे. त्याच्या आतलं सामान मी बारा वर्षांपूर्वी बाहेर काढलं, ते परत कधी बसलं नाही. त्यामुळे आत जागा भरपूर आहे आणि मागचा पुठ्ठा सरकवला की बाहेरून काही कळत नाही. मनातलं लिहायला माणसाला एक जागा हवी, आणि आमच्या घरात कुलूप लागेल असं एकही कपाट नाही.

दुकान बंद करून चार महिने झाले. दुकान गेलं, पण दुकानातला माल घरी आला आणि मागच्या खोलीत बसला. आज सहज मोजला. रेडिओ एक्केचाळीस, इस्त्र्या सतरा, मिक्सर अकरा, टेबलपंखे नऊ आणि केस वाळवायचं एक यंत्र, ते कुणाचं आहे देव जाणे. बाकी प्रत्येकाला माझ्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली आहे. एकीवर लिहिलंय, 'निळ्या छत्रीवाल्या बाई, घाई आहे.' त्या घाईला चौदा वर्षं झाली.

चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला 'हे होणार नाही' असं एकदाही म्हटलेलं नाही. 'ठेवून जा, बघू,' एवढंच म्हणालो. हा माझा अभिमान आहे.

आज सकाळी बायको म्हणाली की महिनाअखेर ती खोली रिकामी हवी. कशाला, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं. दुपारी तिने लेकीला फोन लावून माझ्या हातात दिला. लेक दुसऱ्या शहरात रुग्णालयात परिचारिका आहे आणि सुट्टीच्या दिवशी संगणकावर पोकर खेळते. म्हणाली, "बाबा, डोकं कशात तरी घाला, नाहीतर आईचं डोकं खात बसाल." पैशाचा संबंध नाही, चिप्स म्हणजे पैजेच्या चकत्या खोट्या असतात, हे तिने आधीच सांगितलं. दर रविवारी दुपारी तीनला मोफत स्पर्धा असते. दीडदोनशे माणसं, सगळ्यांना सारख्या चिप्स, संपल्या की बाहेर. शेवटचे नऊ जण उरले की त्यांना एकत्र बसवतात, त्याला शेवटचं टेबल म्हणतात, आणि त्या नऊ जणांची नावं आठवडाभर संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर झळकतात.

मी 'कारागीर' असं नाव घेतलं.

रविवार, २

पहिली स्पर्धा. एकशे बहात्तर माणसं होती. मी एकशे बहात्तरावा आलो.

प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती ज्याची त्यालाच दिसतात. मग मध्ये पाच पानं एकेक करून उघडतात, ती सगळ्यांची. दर खेपेला पैज वाढवायची, बरोबरी करायची, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. मला सत्ती आणि दुर्री आली. म्हटलं, बघू, यातूनही काही होईल. चार मिनिटांत काय व्हायचं ते झालं.

जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, "चार मिनिटांत तर दूधही तापत नाही." ते मला लागलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं झालं, आणि मी पैज मारून बसलो. या महिन्यात अजून चार रविवार आहेत. त्यात एकदा जरी शेवटच्या टेबलावर पोचलो तर खोली आहे तशी राहील. नाही पोचलो तर माझ्या हाताने रिकामी करीन. तिने हातातला वाढायचा डाव भांड्याच्या काठावर दोनदा वाजवला, टक-टक, आणि म्हणाली, "चालेल."

मंगळवार, ४

लेकीने काल माझे वीस डाव बघितले. तिथे जुने डाव साठवून ठेवतात, ही चांगली सोय आहे असं मला आधी वाटलं होतं.

"बाबा, तुम्ही दहातले नऊ डाव खेळता. दहातले आठ टाकायचे असतात."

मी म्हटलं, टाकायचे तर बसायचं कशाला? ती म्हणाली की पहिली दोन पानं वाईट असली तर ती दुरुस्त होत नाहीत, तिथेच सोडायची. माझ्या तोंडावर इतकं वाईट आजवर कुणी बोललेलं नाही, आणि तेही पोटच्या पोरीने. दुरुस्त होत नाहीत म्हणजे काय? एकदा एका बाईंची इस्त्री मी अकरा वेळा उघडली होती आणि बाराव्या वेळी ती तापली. अर्थात तोवर बाईंनी दुसरी घेतली होती.

बुधवार, ५

टाकायचा सराव. सलग बारा डाव टाकले. तेराव्याला चौकी-नव्वी आली आणि तिची दया आली. बाहेर.

गुरुवार, ६

मी मागच्या खोलीत, पंखे आणि मिक्सर यांच्या मध्ये लॅपटॉप ठेवून खेळतो. आज ही भाजी निवडत शेजारी बसली आणि एकेक प्रश्न विचारायला लागली. हा माणूस लगेच बोलला की थांबून? मी म्हटलं, अगं, इथे कुणी बोलत नाही, बटणं दाबतात. मग म्हणाली, बटण लगेच दाबलं की थांबून?

तिचीही चूक नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, कानाला फोन आणि हातात पेन्सिल. तिचं म्हणणं असं की ज्याच्याकडे खरी बातमी असते तो बोलायच्या आधी श्वास घेतो, आणि ज्याला नुसती थाप मारायची असते तो आधीच ठरवून आलेला असतो, म्हणून धडाधड बोलतो. मी तिला समजावलं की हा आकडेमोडीचा खेळ आहे. ऐकून घेतलं बिचारीने. तिला यात गती नाही, पण कुतूहल आहे. लेकीने तिला पाककृती बघायला टॅबलेट दिलाय, हल्ली स्वयंपाकघरात त्यावर काहीतरी बघत असते. तिचाही वेळ जातो.

आज भाजीत मीठ कमी होतं. बोललो नाही. इथे लिहितो म्हणजे पोटात राहत नाही.

शुक्रवार, ७

आज मीठ बरोबर. या वहीतली पेन्सिल परवा बोथट झाली होती, आज टोकदार दिसते. मीच तासली असणार. वय झालं.

रविवार, ९

एकशे एक्क्याऐंशीत शहाण्णवावा! अर्ध्यात येण्यासाठी पाच-सहा जणच कमी पडले. बायकोला सांगायला स्वयंपाकघरात पळत गेलो. तिने टॅबलेट घाईघाईने उलटा ठेवला आणि म्हणाली, छान झालं, आता जरा बसू द्या. तिचा चेहरा लाल झाला होता. उन्हाळा आहे आणि ती शेगडीजवळ उभी असते.

आज एक प्रयोग केला. समोरच्याने बटण दाबायला किती वेळ घेतला ते मोजायला लागलो. थांबून पैज वाढवणाऱ्याकडे बहुतेक चांगली पानं निघाली. हा शोध माझा मीच लावला, लेकीलाही सांगितला. ती म्हणाली, "हो का? आणखी एकाने मला हेच सांगितलं होतं." तिच्याकडे आणखी कुणीतरी शिकतंय म्हणे, आणि माझ्या पुढे आहे. असेल एखादा वॉर्डातला हुशार माणूस.

मला बाहेर काढणाऱ्याचं नाव 'गोगलगाय'. अर्धा तास काही न करता बसला होता. मी त्याला घाबरट समजलो. मग त्याने एकदाच पैज वाढवली आणि माझं घर धुऊन नेलं. गोगलगाय अन् पोटात पाय!

बुधवार, १२

गोगलगायीने आज सरावातही काढलं. दोनदा.

मी याचा विचार केला आहे. हा माणूस निवृत्त फौजदार असावा. एकटा राहतो. मिशा आहेत. कुणाशी बोलत नाही, सगळ्यांना पुरतं बोलू देतो आणि मग पकडतो. त्याला घरी कुणी विचारत नसणार, म्हणून सगळा राग आमच्यावर काढतो. लेकीला फोनवर हे सांगितलं तर तिला असा ठसका लागला की फोन ठेवावा लागला. तिकडची हवा वाईट आहे.

शनिवार, १५

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

कंडक्टर आले होते. बसवर होते, आता घरीच असतात. त्यांचा रेडिओ माझ्याकडे सहा वर्षं आहे. महिन्यातून एकदा येतात, 'झाला का?' विचारतात, मी 'पुढच्या आठवड्यात' म्हणतो, चहा होतो, ते जातात. आज त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून 'पुढच्या' एवढं निघालं आणि पुढे निघेना. डोळ्यांसमोर सत्ती-दुर्री आली. सकाळीच बावीस डाव टाकले होते, हात बसला होता.

म्हटलं, "कंडक्टर, हा होणार नाही. पहिल्या वर्षीच मला कळलं होतं."

माझे कान तापले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोललो. ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मी नवा घेऊन पाच वर्षं झाली की. मला वाटलं, रेडिओ मागायचं सोडलं तर तुम्ही म्हणाल, हा आता कशाला येतो."

मग आम्ही दोघेही इतके हसलो की ही बाहेर येऊन बघून गेली. रेडिओ त्यांनी बखोटीला मारून नेला, नातीला आतल्या तारा दाखवायच्या म्हणून. जाताना म्हणाले, पुढच्या महिन्यात येतोच. आता चाळीस राहिले.

मला फार हलकं वाटतंय. का ते नीट कळत नाही, पण वाटतंय खरं.

रविवार, १६

एकशे साठात एकतिसावा. गोगलगायीनेच काढलं, पण मी चुकलो नव्हतो. माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती, त्याने शेवटच्या पानावर रंग जमवला, म्हणजे एकाच जातीची पाच पानं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात डाव वाजला, टक-टक, तेव्हाच वाटलं आता चहा येईल. चहा आला नाही, फौजदाराची पैज आली.

बायकोने संध्याकाळी आपणहून विचारलं, "एक्के असताना हरलात, वाईट वाटलं असेल ना?" म्हटलं, वाटलं. मग रात्रीच्या जेवणात तिने गोड केलं. एक्क्यांचं मी तिला कधी सांगितलं ते आठवत नाही.

शुक्रवार, २१

एक गोष्ट लिहून ठेवायची आहे. मी खूश आहे. सकाळी उठलो की चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी करायचं असतं. हरलो तरी का हरलो ते कळतं, आणि बिघाड कुठे आहे ते कळलं की माझं निम्मं काम होतं. काल टेबलपंखे चाळले. नऊपैकी दोन होण्यासारखे आहेत. बाकीचे सात मी बाजूला ठेवले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो.

पण खोली द्यायची नाही म्हणजे नाही. पैज म्हणजे पैज.

रविवार, २३

चौदावा! एकशे अठ्ठ्याहत्तरात चौदावा! अजून पाच जण आधी गेले असते तर! मी खोलीतून ओरडलो, त्याच वेळी स्वयंपाकघरातूनही काहीतरी आवाज आला. ही धापा टाकत दारात आली आणि तिने चक्क माझा हात धरून हलवला, लग्नानंतर पहिल्यांदाच असा. माझ्या चौदाव्या नंबराचा तिला माझ्याहून आनंद झाला. मला भरून आलं.

गोगलगाय सहावा. पहिल्या पानावर नाव आहे. हिने ते पान माझ्या खांद्यावरून दोनदा वाचलं. मी म्हटलं, हाच तो फौजदार. ती म्हणाली, "त्याला मिशा आहेत हे कशावरून?"

मिशांबद्दल मी लेकीला बोललो होतो. लेकीच्या पोटात काही राहत नाही.

बुधवार, २६

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुपारी सरावाची छोटी स्पर्धा होती. गोगलगाय माझ्याच टेबलावर. भिंतीपलीकडून टक-टक आलं आणि लगेच त्याने पैज वाढवली. सगळ्यांनी पानं टाकली. थोड्या वेळाने पुन्हा टक-टक, पुन्हा पैज, आणि या वेळी पानं उघडली ती राजांची जोडी. मी कान टवकारले. चाळीस वर्षं मी कानाने बिघाड शोधले आहेत, रेडिओ कुठे खरखरतो ते दारातून सांगायचो, आणि पंचवीस दिवस हे ऐकत होतो. मग एकदा गोगलगायीने पैज वाढवली आणि भिंतीपलीकडे काहीच वाजलं नाही. एकाने बरोबरी केली, पानं उघडली, तर गोगलगायीकडे काही नव्हतं. निव्वळ थाप.

मी चप्पल काढून दबक्या पावलांनी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. शेगडी बंद. ओट्यावर रिकामं पातेलं. भिंतीला टेकवलेला टॅबलेट, त्यावर हिरवं टेबल. आणि ही उभी, डाव हातात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एक्स्चेंजमध्ये असायची तश्शी.

तसाच मागे फिरलो.

माझ्या आईने हिला लग्नानंतर पहिल्याच वर्षी गोगलगाय म्हटलं होतं, पोटातल्या पायांसकट. मी विसरलो, ही विसरली नाही. लेक दोघांनाही शिकवत होती. कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात ते हे. पहिल्यांदा राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग, आणि मग असं वाटलं की ही बाई माझ्याबरोबर बत्तीस वर्षं राहते आणि तिला हे येतं हे मला माहीत नव्हतं.

तरी खोली द्यायची नाही! आता हुकमी पान माझ्या हातात आहे. टक-टक वाजलं तर तिची पानं खरी, मी टाकणार. नाही वाजलं तर थाप, मी बरोबरी करणार. तिला काही बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारी बघू.

शनिवार, २९

ही आज गुणगुणत होती. विचारलं तर म्हणाली, सहज. पेन्सिल पुन्हा टोकदार. उद्या दुपारी तीन.

रविवार, ३०

एकशे शहाऐंशी माणसं. मी आयुष्यात इतकं टाकलं नसेल तितकं आज टाकलं. साडेपाचला तीस राहिले, सहाला वीस, साडेसहाला दहा. दोन टेबलं, पाच-पाच जणांची. आता एकजण गेला की बाकीचे नऊ शेवटच्या टेबलावर. पलीकडच्या टेबलावर एकाकडे इतक्या कमी चिप्स होत्या की दोन-तीन डावांत तो जाणारच होता. मला फक्त हातावर हात ठेवून बसायचं होतं. एवढंच.

माझ्या टेबलावर ही होती, आणि तिच्याकडे माझ्याहून जास्त चिप्स.

मला राणी-गुलाम आले. मी पैज वाढवली, तिने बरोबरी केली. मध्ये राणी, अठ्ठी आणि तिर्री उघडली. राण्यांची जोडी झाली, मी पुन्हा पैज लावली, तिने बरोबरी केली. मग छक्की, दोघांनीही पैज लावली नाही. मग दुर्री. आणि तिने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

मी कान भिंतीला लावला. अक्षरशः लावला, गाल भिंतीला टेकवून. काही नाही. टक नाही, टक नाही. ढवळल्याचा आवाजसुद्धा नाही. लेकीचा नियम होता की अशा वेळी पानं टाकायची, राण्यांची जोडी असली तरी टाकायची, पलीकडचा माणूस जाईपर्यंत थांबायचं. पण माझ्याकडे हुकमी पान होतं ना! मी बरोबरी केली.

तिच्याकडे अठ्ठ्यांची जोडी होती. मधली एक धरून तीन अठ्ठ्या.

'कारागीर, दहावा क्रमांक' अशी पाटी पडद्यावर आली, आणि मग भिंतीपलीकडून आवाज आला. टक-टक.

मी हसायला लागलो, ते थांबेना. उठून स्वयंपाकघरात गेलो. तिने मान वर न करता सांगितलं, "अहो, मागे व्हा, उजेड अडतोय." मी मागे झालो. तिचं शेवटचं टेबल सुरू झालं होतं, नऊ जण, आणि मी बघत राहिलो. काय खेळते! मला दिसणारी निम्मी पानं ती बघतही नव्हती, समोरचा किती थांबतो तेच बघत होती. एकदा म्हणाली, "हा बघा, श्वास घेतला याने," आणि एक्का-राजा टाकून दिले. तिसऱ्याने बरोबरी केली, तर समोरच्याकडे एक्क्यांची जोडी निघाली.

आणि मग माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती. तीन वाजल्यापासून ती उभी होती. शेवटच्या टेबलावर पोचलेल्या नऊ जणांत उभं राहून खेळणारी ही एकटीच असणार. मला बसायला खुर्ची होती, अख्खी खोली होती, आणि माझ्याभोवती चाळीस रेडिओ बसले होते. हिला बत्तीस वर्षांत या घरात ओटा सोडून जागा नव्हती, आणि हे मला तिच्या पायांवरून कळलं.

मागच्या खोलीत गेलो, माझी खुर्ची रिकामी केली आणि आणून तिच्या मागे ठेवली. तिने न बघता चाचपली आणि बसली. मी पातेल्यात दूध घालून शेगडी लावली.

ती तिसरी आली. एकशे शहाऐंशीत तिसरी! मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की दूध उतू गेलं तरी कळलं नाही. तिने ते पुसलंही नाही, नुसती बसून राहिली आणि हसत राहिली. लेकीचा फोन आला, तिकडे ती रडत होती आणि इकडे मी.

एकच कोडं सुटत नाही. तिने आज डाव का वाजवला नाही? नेमका आज?

सोमवार, ३१

पैज म्हणजे पैज. सकाळी सातला खोली रिकामी करायला घेतली. होण्यासारखं काय आहे ते बघितलं: चार रेडिओ, दोन पंखे, एक इस्त्री. तेवढं बाल्कनीत. ज्यांचे नंबर चिठ्ठीवर होते त्यांना फोन करून सांगितलं, हे होणार नाही, माफ करा. निळ्या छत्रीवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, कोण बोलतंय? केस वाळवायचं यंत्र आमचंच निघालं, हिचं, लग्नात आलेलं. दुरुस्तीला मला दिलं होतं. तिने ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि मलाच परत दिलं. "टाका आता," म्हणाली.

दुपारी विचारलं एकदाचं, खोली कशाला हवी होती?

"काही नाही. दार लावून बसायला."

खेळायला ना, म्हटलं. तर म्हणाली, कधी खेळेन, कधी नुसतीच बसेन. तीस वर्षं लोकांचं ऐकलं, आता थोडा वेळ कुणाचं ऐकायचं नाही. मी माझं कामाचं टेबल पुसून खिडकीशी लावून दिलं आणि खुर्ची मांडली. दाराची कडी सैल होती ती घट्ट केली. ते काम मला दहा मिनिटांत जमलं.

शेवटी मोठा रेडिओ राहिला. तो उचलायला गेलो तर ही म्हणाली, "त्याला राहू द्या." आतून रिकामा आहे, कधी वाजणार नाही, असं मी सांगितलं. म्हणाली, असू द्या, बरा दिसतो.

ती गेल्यावर वही काढायला पुठ्ठा सरकवला. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा किस पडला होता, गोल गोल, कागदासारखा पातळ. मी पेन्सिल चाकूने तासतो, माझे तुकडे पडतात. असा गोल किस शार्पनरचा पडतो, आणि या घरात शार्पनर एकाच माणसाकडे आहे, एक्स्चेंजमधून आणलेलं पितळी. बोथट पेन्सिल तिला सहन होत नाही.

मी जमिनीवर बसलो आणि पहिल्या पानापासून सगळं वाचलं. मीठ. पेन्सिल. मिशा. आणि बुधवार, २६ तारीख, 'झाकली मूठ सव्वा लाखाची'.

वाचून झाल्यावर खूप वेळ हसलो. मग थोडी लाज वाटली, 'तिला यात गती नाही' इथे जास्त. खोडणार होतो, पण वाचून झालंय तर खोडून काय उपयोग.

तर आता तुलाच लिहितो. तुला सगळं आधीच माहीत आहे, तरी. खोली तुझी. दार लावलंस तर मी ठोठावणार नाही. पण आत बसलीस तरी अधूनमधून डाव वाजव. घरात तू आहेस हे मला इतकी वर्षं त्यावरूनच कळतं, आणि काल ते वाजलं नाही तेव्हा हरण्याआधीच मला करमेनासं झालं होतं.

मंगळवार, १

सकाळपासून खोलीचं दार लावलेलं होतं. दुपारी ती बाहेर गेली तेव्हा वही काढली. पेन्सिलीला टोक काढलेलं. माझ्या कालच्या ओळींखाली तिच्या बारीक, सरळ अक्षरात एवढंच लिहिलंय:

टक-टक.